पंख कुठे जोडायचे?

समजा, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात कुणी दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. जागा आहे हळदीच्या गोदामाशेजारचं पत्र्याचं शेड, वीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब. गावात वेल्डिंगवाला आहे, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आहे, ट्रॉली बांधून देणारा आहे, म्हणजे लोखंड आणि पत्रा कळणारे हात आहेत. अमेरिकेतल्या व्हॅन्स कंपनीचे विमानाचे संच जगभर विकले जातात. अशा संचांतून घराघरांत बांधलेली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. त्यातलंच एक दोन आसनांचं मॉडेल धरू. पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत पंचवीस फूट, नाकापासून शेपटीपर्यंत वीस फूट चार इंच. शेडच्या लांबीत पंख आरामात मावतात. पण तसं उभं केलं की विमानाची लांबी शेडच्या रुंदीत येते आणि नेमके चार इंच कमी पडतात.

हे चार इंच पहिल्या वर्षी जाणवत नाहीत. तेव्हा काम सुट्या भागांचं असतं. आधी शेपटी, मग एक पंख, मग दुसरा, मग धड. शेपटी झाली की भिंतीला टांगायची, पंख झाला की गादीवर आडवा ठेवायचा. तीन-चार वर्षं सुखात जातात. खरं घोडं अडतं ते शेवटी, सगळे भाग तयार होऊन त्यांचं एक विमान करायची वेळ येते तेव्हा. ते एक व्हायचं कुठे, शेडमध्ये, अंगणात की धावपट्टीवर? बांधणारे हा प्रश्न पुढे ढकलत राहतात, तो भिजत पडतो, आणि कित्येक विमानं याच टप्प्यावर वर्षानुवर्षं अडकून राहतात.

माझं म्हणणं असं की याचं उत्तर पहिलं रिव्हेट ठोकण्याआधी द्यायला हवं. विमान कुठे पुरं होणार यावर ते कुणाच्या नजरेखालून जाणार, कसं तपासलं जाणार आणि पहिल्यांदा कशावरून उडणार, हे सगळं ठरतं.

ही अडचण विमानाइतकीच जुनी आहे. राइट बंधूंचं १९०३ चं विमान ओहायोतल्या डेटन शहरात, त्यांच्या सायकलच्या दुकानात बांधलं गेलं. पंखांचा पसारा चाळीस फुटांहून थोडा जास्त. नुसता मधला भाग ठेवला तरी दुकान इतकं भरून जायचं की गिऱ्हाईक आलं तर त्यांना बाजूच्या दाराने बाहेर पडून पुढच्या दाराने आत यावं लागे. त्यांचं इंजिन बनवणारा कारागीर चार्ली टेलर याने पुढे ही आठवण सांगितली आहे. पूर्ण विमान डेटनमध्ये एकदाही जोडलं गेलं नाही, कारण तेवढी जागाच नव्हती. सुटे भाग पेट्यांत भरून नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, किटी हॉकजवळच्या वाळूत नेले आणि तिथे लाकडी शेडमध्ये विमान जोडलं. त्यांनी ती जागा निवडली ती वाऱ्यासाठी, मऊ वाळूसाठी आणि एकांतासाठी.

त्या निवडीची किंमतही त्यांना मोजावी लागली. २५ सप्टेंबर १९०३ ला ते तिथे पोचले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इंजिन पहिल्यांदा चालवलं तेव्हा हादऱ्यांनी पंख्यांचे पोकळ दांडे बिघडले. ते दुरुस्तीला डेटनला पाठवले आणि परत यायला पंधरवडा गेला. मग दातेरी चाकांचे नट ढिले होऊ लागले. त्यावर उपाय सापडला तो सायकलच्या धंद्यातलाच. टायर रिमला चिकटवायचं सिमेंट लावून त्यांनी नट पक्के केले. पुढे २८ नोव्हेंबरला एका दांड्याला चीर दिसली. आता पोकळ दांडे नकोत, भरीव स्प्रिंग स्टीलचेच हवेत, असं ठरवून ऑर्व्हिल स्वतः डेटनला गेला आणि ११ डिसेंबरला नवे दांडे घेऊन परतला. १४ तारखेचा प्रयत्न फसला. १७ डिसेंबरला विमान १२ सेकंद उडालं.

या हकिकतीत दोन्ही बाजू आहेत. कारखाना जवळ असता तर तो डिसेंबर उजाडायच्या आधीच ते उडाले असते. पण डेटनच्या गल्लीत ते उडालेच नसते. ज्या जागी हत्यारं आहेत तिथे धावपट्टी नाही, आणि ज्या जागी धावपट्टी आहे तिथे हत्यारं नाहीत. आजही घरी विमान बांधणाऱ्या प्रत्येकाला हाच पेच सोडवावा लागतो.

आपल्याकडे हा पेच सगळ्यात ठळक दिसला तो मुंबईत. मूळचे सातारा जिल्ह्यातले वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. आधीचे दोन प्रयत्न अपुरे राहिले होते. हा तिसरा, म्हणून नाव टीएसी-००३. इमारत पाच मजली, लिफ्ट नाही. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन आणि परदेशातून आणलेलं सुमारे १८० किलोचं इंजिन हे सगळं अरुंद जिन्याने वर चढवलं. वर चढवलेलं विमान खाली कसं आणणार, असं लोक विचारायचे आणि तेव्हा त्याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं.

गच्चीच का, हा प्रश्न मुंबईबाहेरच्या वाचकाला पडेल. मला ती निवड अगदी समजते. यादव नोकरीत वैमानिक होते. ड्यूटी संपवून घरी आलं की जिना चढून कामाला लागता येत होतं. शंभर किलोमीटरवरच्या भाड्याच्या शेडमध्ये महिन्यातून दोनदा जाऊन विमान बांधून होत नाही, कारण त्या कामाला रोजचा तास लागतो. आज चार रिव्हेट, उद्या एक पाइप वाकवायचा, परवा फक्त बसून नकाशा बघायचा. घराजवळची गैरसोयीची जागा ही लांबच्या सोयीच्या जागेपेक्षा नेहमीच चांगली. वर्षानुवर्षं तग धरायची तर काम जेवणाच्या ताटापासून हाकेच्या अंतरावर हवं.

पण गच्चीवर विमान पुरं होत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’चं प्रदर्शन वांद्रे-कुर्ला संकुलात भरलं तेव्हा ते सुटं करून क्रेनने खाली उतरवलं, ट्रकने नेलं आणि तिथे पुन्हा जोडलं. लोकांनी ते पाहिलं, वर्तमानपत्रांत फोटो आले. त्यानंतरही नोंदणीला वेळ लागला. ती मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी या नावाने. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, म्हणजे सगळे ज्याला डीजीसीए म्हणतात तिथून, उड्डाणाचा परवाना आला ऑक्टोबर २०१९ मध्ये. आणि विमान प्रत्यक्ष हवेत गेलं ते ऑगस्ट २०२० मध्ये, मुंबईपासून लांब धुळ्याच्या विमानतळावर.

धुळे हे उत्तर मला या सगळ्या कथेतलं सर्वात शहाणपणाचं वाटतं. तिथे धावपट्टी आहे, वैमानिक प्रशिक्षण चालतं, म्हणजे विमानाची भाषा कळणारी माणसं आहेत. मोठ्या प्रवासी विमानांची गर्दी नाही. मुंबईच्या धावपट्टीवर नव्या विमानाला पाच मिनिटं मिळणं मुश्कील, आणि चाचणीला पाच मिनिटं पुरत नाहीत. एका सकाळी नुसतं जमिनीवर हळू चालवायचं, ब्रेक बघायचे, परत आणायचं, झाकण उघडून आत हात घालायचा, दुसऱ्या सकाळी थोडं जास्त वेगाने धावायचं, नाक उचलतं का पाहायचं आणि पुन्हा थांबायचं. हे सगळं कुणी मागे हॉर्न वाजवत नसताना करता आलं पाहिजे.

आता कुरुंद्याच्या शेडकडे परत येऊ आणि नेमकं कोणतं काम कुठे करायचं ते बघू.

पंखाचा सांगाडा, पत्रे, इंधनाच्या टाक्या, शेपटी, धड, आतल्या तारा आणि नळ्या हे सगळं गावातच करावं. पण एक काळजी घ्यायची. पंख पत्र्याने बंद केला की आतलं कुणालाच दिसत नाही, म्हणून बंद करण्याआधी जाणकाराने आत डोकावून पाहिलं पाहिजे. त्या माणसाला कुरुंद्यापर्यंत आणायचं, की पंख त्याच्यापर्यंत न्यायचा, हे आधी ठरवून ठेवा. बंद केलेला पंख पुन्हा उघडणं म्हणजे शेकडो रिव्हेट ड्रिलने काढणं, आणि तेवढी भोकं पुन्हा तशीच नेमकी राहत नाहीत.

कापडाचं किंवा फायबरचं काम असेल तर मराठवाड्याच्या हवामानाकडे बघूनच वेळ धरावी. राळ आणि तिचं कडक करणारं द्रव्य एकत्र केलं की मिश्रण काही मिनिटंच हाताळण्याजोगं राहतं. मे महिन्यात पत्र्याखाली पारा चाळीसच्या वर असतो तेव्हा ही मिनिटं फार कमी होतात आणि वाटीतच राळ तापून गोठते. पावसाळ्यात उलट हवेतलं पाणी राळेच्या पृष्ठभागावर बसतं आणि वरचा थर नीट धरत नाही. कुरुंद्याला आणखी एक गोष्ट आहे, हळदीची. काढणी झाली की उकडणं, वाळवणं, पॉलिशच्या ड्रमात घोळवणं सुरू होतं आणि सगळीकडे बारीक पिवळी धूळ उडते. त्या दिवसांत रंगकाम काढू नये. उंदरांचाही बंदोबस्त हवा. उंदराचं मूत अॅल्युमिनियमला खातं, आणि पंखाच्या आत त्याने घर केलं तर बाहेरून कळतसुद्धा नाही. जुलै २०२२ मध्ये गावात पुराचं पाणी घरांत शिरलं होतं, हेही विसरून चालणार नाही. पंख आणि इंजिन जमिनीपासून उंच ठेवायचेच.

एक काम असं आहे की ते दोन्ही जागी करावं लागतं. पंख पहिल्यांदा धडाला बसवून पाहायचं काम. इथे मोठा पसारा लागतो म्हणून अनेक जण ते सरळ धावपट्टीवर ढकलतात. मी म्हणेन, नाही, ते गावातच करा. शेडमध्ये मावत नसेल तर वारा नसलेल्या सकाळी अंगणात करा, चार माणसं घ्या, ताडपत्री अंथरा. कारण या वेळी पंखाचा कोन ठरतो. डिजिटल कोनमापक डाव्या पंखावर ठेवायचा, मग उजव्यावर, आणि दोन्ही अगदी सारखे येईपर्यंत मागचं टोक केसभर खाली-वर करायचं. दोन पंखांच्या कोनांत अर्ध्या अंशाचा जरी फरक राहिला तरी उडताना विमान एका बाजूला कलत राहतं. दोन्ही कोन जुळले की मागच्या दांड्याला एकच भोक पाडायचं. हे भोक पंखाला जन्मभर त्या कोनात धरून ठेवतं. ते कडेच्या फार जवळ गेलं तर धातू ताणाखाली फाटू शकतो, आणि एकदा पडलेलं भोक बुजवता येत नाही. या कामाला हाताखालची सगळी हत्यारं, सवयीचा उजेड आणि रोजचं टेबल लागतं. हँगरमध्ये उसन्या ड्रिलने हे भोक पाडू नये. भोक पाडून झालं की बोल्ट काढायचे आणि पंख पुन्हा उतरवायचे.

यानंतर विमान गावातून हलवायचं. आपल्याकडे रस्त्यावरच्या वाहनाला साधारण २.६ मीटर रुंदीची मर्यादा आहे, म्हणून पंख लावलेलं विमान ट्रकवर जाऊ शकत नाही. धड आपल्या चाकांवर उभं राहून चपट्या ट्रकवर जातं. पंख पुढची कड खाली करून, फोम लावलेल्या लाकडी घोड्यांत उभे ठेवतात, कारण पुढची गोल कड मजबूत असते आणि मागची कड हलक्या धक्क्यानेही वाकते. ट्रकची उंची, गावातल्या विजेच्या तारा आणि वळणं एक दिवस आधी त्याच रस्त्याने जाऊन पाहून घ्यायची. रस्ता वसमतवरून नांदेडकडे जातो. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या तीनशे वर्षांच्या सोहळ्यासाठी नांदेडचा विमानतळ नव्याने उभा राहिला. धावपट्टी मोठी आहे, पण प्रवासी विमानं येतात-जातात, सुरक्षेची व्यवस्था वेगळी, सुट्या भागांचं विमान ठेवायला शेड मिळणं सोपं नाही. लातूरला धावपट्टी आहे आणि नियमित प्रवासी वाहतूक नाही. मला विचाराल तर कुरुंद्याच्या माणसाने पहिला अर्ज लातूरकडे करावा, दुसरा धुळ्याकडे आणि तिसरा नांदेडकडे. लांब पडलं तरी चालेल. चाचणीचे दिवस मोजके असतात आणि तेवढे दिवस घर सोडून राहता येतं.

हँगर का हवा, मोकळं मैदान का नको? याचं सगळ्यात सोपं उत्तर वजनात आहे. विमान पुरं झालं की तिन्ही चाकांखाली तीन वजनकाटे ठेवतात. समजा नाकाच्या चाकाखाली ११० किलो आलं आणि मागच्या दोन्ही चाकांखाली १७०-१७० किलो. एकूण ४५०. मागची चाकं नाकाच्या चाकापासून दीड मीटर मागे असतील तर ३४० गुणिले दीड म्हणजे ५१०, भागिले ४५०. विमानाचा तोल नाकाच्या चाकामागे १.१३ मीटरवर आहे, असा याचा अर्थ. आता दहा किलोची बॅटरी एक मीटर मागे सरकवली तर हा बिंदू दोन सेंटिमीटरहून थोडा जास्त मागे जातो. एवढ्याशा फरकाने विमान उडण्याजोगं राहतं की नाही हे ठरू शकतं, कारण तोल फार मागे गेला तर नाक वर जाऊन वेग मरतो आणि वैमानिकाला ते खाली आणता येत नाही. म्हणून हे मोजमाप अचूक हवं. पण पंख लावलेलं विमान उघड्यावर काट्यांवर ठेवलं तर वाऱ्याची झुळूक पंखांना उचलते आणि काटे खोटं बोलतात. वजन बंद जागेत, दारं लावून, पंखांसकट करायचं असतं. कुरुंद्याच्या वीस फुटी शेडमध्ये ते होत नाही.

आणि शेवटचं काम, इंजिन पुऱ्या ताकदीने चालवायचं. इथे मला शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीची आठवण करून द्यायची आहे. महागाव तालुक्यातल्या या गावातल्या एका तरुण वेल्डरने दोन वर्षं खपून, इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून स्वतः हेलिकॉप्टर बांधलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या काही दिवस आधी, जमिनीवरच चाचणी घेताना शेपटीचं पातं तुटून वरच्या पात्यावर आदळलं, ते पातं त्याला लागलं आणि तो गेला. त्याच्या हातात कसब होतं, जिद्द होती. आपल्या भागात अशी मुलं आहेत याचा मला अभिमान वाटतो आणि त्याच्या जाण्याची हळहळ अजून जात नाही. त्या चाचणीत काय चुकलं याचा निवाडा करायचा अधिकार मला नाही. पण एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. वेगाने फिरणारं पातं पहिल्यांदा पुऱ्या ताकदीने फिरवायची जागा गल्ली किंवा अंगण नाही. ती जागा मोकळी हवी, विमान खुंटांना दोरांनी बांधलेलं हवं, चाकांना अडसर हवेत, पात्याच्या फिरण्याच्या रेषेत एकही माणूस नको, हातात अग्निशामक घेतलेला कुणीतरी लांब उभा हवा, आणि ज्याने आधी असं इंजिन चालवलं आहे असा एक जाणता माणूस सोबत हवा. असा माणूस धावपट्टीवर भेटतो, गावात भेटत नाही. म्हणून इंजिन गावातच बसवलं तरी ते पुऱ्या ताकदीने पहिल्यांदा हँगरबाहेर, विमानतळावरच चालवावं. गावात ते सुरू करू नये, फार तर काही सेकंद, तेल गळतंय का तेवढं बघायला, तेही पंखा न लावता फक्त स्टार्टरने फिरवावं.

अशा मुलांना जवळ जागा मिळाली पाहिजे. अमेरिकेत हौशी बांधणाऱ्यांची संघटना १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सुरू झाली, तिचं एक मोठं काम हे आहे की नवख्याच्या गॅरेजमध्ये अनुभवी माणूस येऊन बघून जातो. मराठवाड्यातल्या एखाद्या धावपट्टीच्या कडेला दोन मोठी शेडं बांधली, तीन वजनकाटे ठेवले, एक तपासणारा अभियंता आठवड्यातून एकदा बसला, तर कुरुंदा काय आणि फुलसावंगी काय, त्या पोरांना शेवटचं काम एकट्याने करावं लागणार नाही. वसमतला हळदीसाठी संशोधन केंद्र उभं राहिलं, तर विमानासाठी एक शेड ही काही मोठी मागणी नाही.

तोवर कुरुंद्यातल्या माणसाने आपलं वेळापत्रक असं धरावं. विमानतळावर जागेसाठी अर्ज पहिल्याच वर्षी करावा, कारण परवानग्यांना वेळ लागतो. यादवांच्या बाबतीत नोंदणीपासून परवान्यापर्यंत जवळपास दोन वर्षं आणि परवान्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत दहा महिने गेले. पंखांचे कोन गावातच पक्के करावेत. हलवायचं ते पावसाळा सरल्यावर आणि हळदीची काढणी सुरू व्हायच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरात, जेव्हा रस्ते कोरडे असतात, ट्रक मिळतो आणि सकाळच्या वेळी वारा पडलेला असतो.